भट्टीच्या चिमणीभोवतीची फट : काय भरायचं आणि कुठं मोकळं सोडायचं



मे महिना संपत आला की माकणीतल्या माझ्या दुकानात एक मागणी हमखास येते. "चिमणीच्या बुडाला भेग पडलीय, एम-सील द्या." कुणाची पावाची भट्टी असते, कुणाची खारी-टोस्टची. कुणी उमरग्याच्या हायवेला ढाब्याशेजारी पिझ्झाचा ओव्हन बांधलेला असतो. एम-सील विकणं हा माझा धंदाच आहे. पण तापणाऱ्या चिमणीला ते टिकत नाही हे माहीत असताना गिऱ्हाइकाच्या हातात देणं बरं दिसत नाही. म्हणून हा विषय व्हिडिओत घेतला. व्हिडिओत मापं आणि आकडे भरभर निघून जातात, ते इथं सावकाश लिहून देतोय. वेल्डरला आणि गवंड्याला दाखवता येतील असे.

सार आधीच सांगून टाकतो. पाइप आणि भट्टी यांच्यामध्ये थोडी फट मुद्दाम ठेवायची आणि ती दबणाऱ्या, न जळणाऱ्या वस्तूने भरायची. धूर अडवायचं काम वेगळं आणि पाणी अडवायचं काम वेगळं, दोन्ही एकाच लेपावर सोपवायची नाहीत. एवढं पटलं तर बाकीचं फक्त मापांचं काम आहे.

भेग पडतेच का?

आपला तालुकाच लोहारा, त्यामुळे उदाहरण लोहाराचंच घेऊ. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवताना लोहार काय करतो? धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवतो. ती गोवऱ्यांच्या जाळात तापवतो, मग ती वाढते, चाकावर बसते. वरून पाणी ओतलं की आकसते आणि चाकाला अशी आवळते की वर्षानुवर्षं सुटत नाही. लोखंड तापलं की वाढतं आणि गार झालं की आकसतं, त्या वेळी त्याच्यात किती ताकद असते, हे आपल्या आजोबांना पुस्तक न वाचता माहीत होतं.

तुमच्या चिमणीच्या पाइपात रोज हेच होतं. साधं लोखंड दर मीटरला, दर १०० अंशाला साधारण १.२ मिलिमीटर वाढतं. स्टेनलेस स्टील घेतलं तर १.७ मिलिमीटर. विटेची वाढ लोखंडाच्या जवळपास निम्मीच. आता हिशेब करा. तुमचा पाइप अडीच मीटर उंच आहे आणि सरासरी २०० अंशाने तापला, तर तो ६ मिलिमीटर लांब होतो. रोज सकाळी ६ मिलिमीटर वर, रोज रात्री ६ मिलिमीटर खाली.

जाडीतही तो वाढतो. जोराचा जाळ असताना चिमणीचं बूड ३०० ते ४०० अंशांपर्यंत जाऊ शकतं. सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटरचा पाइप ३०० अंशाने तापला की त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर वाढतो. तुम्ही म्हणाल, अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडतं? सिमेंटचा गिलावा दाबाला जितका मजबूत, तितकाच ताणाला कमजोर. मीटरभर गिलावा मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा ताणला तरी त्याला तडा जातो. आणि आपण त्याच गिलाव्याने पाइप चारी बाजूंनी घट्ट बांधून टाकतो. मग पाइप फुगतो, गिलावा फुटतो, रात्री पाइप आकसतो आणि भेग उघडी पडते. दुसऱ्या दिवशी गवंडी त्याच भेगेत पुन्हा सिमेंट भरतो. ते आठवडाभर टिकतं, कारण आजारावर औषध झालेलंच नसतं.

म्हणून पहिला धडा हा, की पाइप हलणारच. त्याला हलायला जागा द्या.

एवढ्याशा भेगेने नुकसान किती?

भट्टी बाहेर असते, उघड्यावर किंवा चार खांबांच्या पत्र्याखाली. पावसाळ्यात पाइपवरून ओघळणारं पाणी सरळ त्या भेगेतून विटेत उतरतं. वीट पाणी पिते. सकाळी तुम्ही जाळ घालता तेव्हा आधी ते पाणी उडतं, मग भट्टी तापते.

आपल्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला भूम तालुका खव्याच्या भट्ट्यांसाठी ओळखला जातो. कुंथलगिरीचा पेढा तुम्ही खाल्लाच असेल. पाच लिटर दुधाचा साधारण एक किलो खवा होतो, म्हणजे चार लिटर पाणी उडवावं लागतं. खव्यावाल्याला विचारा, जळण कशात जातं? तो सांगेल, पाणी उडवण्यात. तुमची पावाची भट्टी भिजली, तर तुम्हीही खवा न करताच खव्याएवढं जळण घालवता.

आकड्यात बघू. एक लिटर पाणी ३० अंशापासून तापवून पूर्ण वाफ करायला सुमारे २.५ मेगाज्यूल उष्णता लागते. एक किलो सुक्या लाकडात साधारण १५ मेगाज्यूल असतात. रात्रीच्या पावसात दहा लिटर पाणी भट्टीत मुरलं असं धरा. कागदावर पावणेदोन किलो लाकूड पुरतं. पण जाळाची सगळी उष्णता विटेत जात नाही, बरीचशी चिमणीतून निघून जाते. चौथा हिस्सा कामी आला असं धरलं, तर सात किलोच्या आसपास लाकूड नुसतं पाणी उडवण्यात गेलं. शिवाय तेवढा वेळ गेला. सकाळी सातला पाव द्यायचा शब्द आहे आणि भट्टी आठला तयार होतेय, तर जळणापेक्षा ते गिऱ्हाईक महाग पडतं.

आणखी एक धोका. पाण्याची वाफ होताना तिला मूळ पाण्याच्या जवळपास १७०० पट जागा लागते. ओल्या भट्टीत एकदम मोठा जाळ घातला, तर ही वाफ बाहेर पडायला वाट शोधते आणि विटेचे पापुद्रे उडतात, सांधे सुटतात. म्हणजे चिमणीची भेग चिमणीपुरती राहत नाही, भट्टीच्या घुमटापर्यंत पोचते.

धुराचंही ऐका. चिमणी चांगली ओढत असली की भेगेतून धूर बाहेर येण्याऐवजी बाहेरची गार हवा आत खेचली जाते. त्यामुळे चिमणीतला धूर गार होतो, ओढ कमी होते आणि भट्टीच्या तोंडातून धूर मागे येतो. खारीला, पावाला, खव्याला धुराचा वास लागतो. दूध आणि तुपाचे पदार्थ तर वास लगेच धरतात. गिऱ्हाईक तुम्हाला सांगत नाही की वास येतोय, ते फक्त पुढच्या वेळी दुसरीकडं जातं.

इथं काही जण विचारतात, लाकडाच्या भट्टीवर उद्या बंदी आली तर एवढा खर्च कशाला? प्रश्न बरोबर आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं होतं. तो विषय मुंबईच्या हवेचा होता, तरी भट्टी बांधण्याआधी आपल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत चौकशी जरूर करा. पण उद्या बर्नर लावून गॅसवर गेलात तरी गरम वायू बाहेर न्यायला पाइप लागतोच, आणि पाइप आहे तिथं हा सांधा आहे. ही शिकलेली गोष्ट वाया जात नाही.

काय भरायचं नाही

दुकानात मागितल्या जाणाऱ्या वस्तू एकेक घेऊ.

सिमेंट-वाळू : ताठ असल्यामुळे फुटते, हे वर आलंच. दुसरं कारण, साधारण ४०० अंशाच्या वर सिमेंटमधला चुन्याचा अंश सुटायला लागतो. पुढे पाणी लागलं की तोच फुगतो आणि गिलावा भुगा होऊन पडतो.

प्लास्टर ऑफ पॅरिस आणि भिंतीची पुट्टी : १००-१५० अंशांतच पीओपीमधलं पाणी निघून जातं आणि त्याचं पीठ होतं. चिमणीजवळ आणूच नका.

एम-सील आणि तशाच एपॉक्सी पुट्ट्या : पाण्याच्या टाकीला, नळाला उत्तम. भट्टीच्या उष्णतेला मऊ पडतात, जळतात, वास सोडतात.

डांबराची पट्टी, वॉटरप्रूफिंगचा टेप : छताच्या गळतीला चालतो. गरम पाइपला लावला तर वितळतो आणि पेटूही शकतो.

साधं पांढरं सिलिकॉन : खिडकी-बेसिनसाठी असतं, साधारण १५० अंशांपर्यंत. पाइपच्या बुडाला टिकत नाही.

नुसती काळी माती : आपल्याकडं फुकट मिळते म्हणून लावतात. आपली जमीन उन्हाळ्यात कशी भेगाळते ते बघता ना? तीच माती तापल्यावर दुसरं काय करणार? ओली फुगते, वाळली की आकसते.

जुना एसी पाइप : हा भरायचा माल नाही, पण इथंच सांगतो. सिमेंटचे जुने पाइप शेतात पडलेले असतात, त्याची चिमणी केली की लोखंडाचे पैसे वाचतात असं वाटतं. केंद्र सरकारने १९८३ मध्ये सुरू केलेल्या सुधारित चुलींच्या कार्यक्रमातही असे पाइप चिमणीला वापरले जायचे. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. कापताना, घासताना निघणारी धूळ फुप्फुसात गेली तर कॅन्सरचं कारण ठरते, आणि जास्त तापला तर हा पाइप तडकून फुटतो. खाण्याच्या धंद्यात तर नकोच. ॲस्बेस्टॉसची दोरी कुणी स्वस्तात दिली तरी घेऊ नका.

मग काय भरायचं?

सिरॅमिक फायबरची दोरी : पांढरी, कापसासारखी, जाड विणलेली. तिची नेहमीची प्रत १२६० अंशांची असते, आपल्या कामाला भरपूर झाली. दाबली की दबते, पाइप आकसला की पुन्हा थोडी फुगते. हलणाऱ्या सांध्याला हेच हवं. काचेच्या धाग्याची दोरीही मिळते, ती साधारण ५०० अंशांपर्यंत चालते आणि स्वस्त असते. चिमणीच्या वरच्या भागात ती चालेल, बुडाला सिरॅमिकच घ्या.

कुठं मिळेल? सोलापुरात चादरी-टॉवेलच्या कारखान्यांमुळे बॉयलरचा माल ठेवणाऱ्या दुकानांत विचारा, लातूरला इंडस्ट्रियल सामानाच्या दुकानात विचारा. गावात साखर कारखान्यात बॉयलरवर काम केलेला एखादा फिटर असतोच. त्याला "सिरॅमिक रोप" म्हटलं की लगेच कळतं.

फायर क्ले मॉर्टर : भट्टीच्या विटा जोडायचा मसाला. यात एक मेख आहे. साधा फायर क्ले हजार अंशांच्या आसपास भाजल्यावरच दगडासारखा होतो. चिमणीच्या बुडाला तेवढी उष्णता मिळतच नाही, त्यामुळे तो कायम कच्चा राहतो आणि पावसात धुऊन जातो. म्हणून दुकानदाराला "एअर सेटिंग" मॉर्टर मागा. त्यात बहुधा सोडियम सिलिकेट असतं आणि तो हवेतच घट्ट होतो. पण हाही पाण्यात उघडा ठेवायचा नाही, वर पत्र्याचं संरक्षण हवंच.

पांढरी किंवा कुंभाराची माती : बजेट अगदीच कमी असेल तर एक भाग माती आणि दोन-तीन भाग बारीक वाळू, थोडा भुसा घालून मळा. हा लेप फुटतो, पण घरच्या घरी दरवर्षी नवा देता येतो. शेड चांगली असेल तर चालतं.

लाल हाय-टेंपरेचर सिलिकॉन : साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत. ट्यूबवर आकडा छापलेला असतो, वाचूनच घ्या. हे फक्त वरच्या, कमी तापणाऱ्या भागासाठी. बुडाला नाही.

पाइपबद्दल एक सूचना. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो आणि जस्त ४२० अंशाला वितळतं. त्याच्या अलीकडंच थर खराब व्हायला लागतो, आणि फार तापला तर जस्ताचा धूर अंगाला बाधतो. म्हणून भट्टीपासूनचा पहिला मीटर-दीड मीटर काळ्या लोखंडाचा, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा, किंवा स्टेनलेसचा घ्या. शक्य असेल तर सगळा पाइप एकसंध वेल्ड करून घ्या. जितके सांधे कमी, तितकी काळजी कमी.

बुडाचा सांधा : धूर अडवायचा

सहा इंची पाइप धरून मापं देतो. वेल्डरकडून हे करून घ्या.

१. एक फूट बाय एक फूट, ५ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट. मधोमध पाइपच्या आतल्या मापाएवढं भोक.

२. त्या भोकावर १७० मिलिमीटर आतल्या व्यासाचं, १०० मिलिमीटर उंचीचं नळकांडं उभं वेल्ड करायचं. याला आपण सॉकेट म्हणू. पाइप १५० चा, सॉकेट १७० चं, म्हणजे चारी बाजूंनी १० मिलिमीटर फट आपोआप मिळाली. तळाशी उरलेल्या प्लेटच्या कडेवर पाइप टेकतो, त्यामुळे दोरीचे धागे खाली भट्टीत पडत नाहीत. हे महत्त्वाचं आहे, खाली अन्न आहे.

३. प्लेट विटांवर ठेवताना खाली माती-वाळूचा पातळ थर किंवा सिरॅमिक फायबरचा कागद द्या. चार कोपऱ्यांना बोल्ट, पण प्लेटमधली भोकं बोल्टपेक्षा मोठी आणि लांबट ठेवा, वर रुंद वॉशर. नट हाताने आवळून वर अर्धा आटा, बस. प्लेटलाही सरकायला जागा हवी.

४. पाइप सॉकेटमध्ये उभा करा. फटीत १२ मिलिमीटरची सिरॅमिक दोरी बोथट पट्टीने ठोकत ठोकत भरा. १५० मिलिमीटर पाइपचा घेर ४७ सेंटिमीटर. फटीत दोरी दाबून बसते, त्यामुळे सॉकेट भरायला सात-आठ वेढे, म्हणजे साडेतीन ते चार मीटर दोरी लागते. कापण्याआधी चार मीटर मोजून घ्या.

५. वरचा एक सेंटिमीटर मोकळा ठेवा आणि तिथं एअर सेटिंग मॉर्टरचा पातळ लेप द्या. त्याला बारीक भेगा पडतील, पडू द्या. धूर अडवायचं काम खालची दोरी करतेय, लेप फक्त तिचे धागे झाकतोय.

दोरी कापताना नाकाला एन-९५ मास्क, हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. धागे बारीक असतात, खाजवतात आणि श्वासातून जाणं चांगलं नाही. थोडं पाणी शिंपडून कापा आणि तुकडे पिशवीत भरून टाका.

भट्टी आधीच बांधलेली असेल तर? तोडायची गरज नाही. पाइपभोवतीचं सिमेंट छिन्नीने १०-१२ मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर खोल कोरून काढा. त्यात वरच्यासारखीच दोरी ठोका, वर पातळ लेप द्या. काम अर्ध्या दिवसाचं आहे.

पत्र्याचा सांधा : पाणी अडवायचं

इथं बहुतेक जण चुकतात. पत्र्याला पाइपच्या मापाचं भोक पाडतात आणि कडेने सिलिकॉनचा ढीग ओततात. पण पाइप रोज वर-खाली होतोय हे आपण वर बघितलं. बुडालाही घट्ट आणि पत्र्यालाही घट्ट बांधला, तर तो एक तर वाकतो, नाही तर पत्रा उचलतो. नियम सोपा आहे. पाइप एकाच ठिकाणी टेकवायचा, बाकी सगळीकडं सैल.

पाणी चिकटवून अडत नाही, एकावर एक चढवून अडतं. कौलारू घर आठवा. एकाही कौलाला कुणी सिलिकॉन लावत नाही. वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं, म्हणून पाणी ओघळून जातं. चिमणीला हाच न्याय लावा.

पत्र्यातलं भोक पाइपपेक्षा दोन-दोन इंच मोठं पाडा. त्यावर पत्र्याचा कोन बसवा, म्हणजे खालून रुंद, वरून निमुळता, चार ते सहा इंच उंच. कोनाचा वरचा काठ पाइपला चिकटू द्यायचा नाही. कोनाच्या पत्र्याची शेडच्या उंच बाजूकडची कड छताच्या पत्र्याखाली सरकवा आणि उताराच्या बाजूची कड छताच्या पत्र्यावर ठेवा. उलटं झालं तर पाणी सरळ आत येणार.

आता पाइपवर कोनाच्या थोडं वर एक छत्री क्लँपने आवळा. तिचा घेर कोनाच्या तोंडापेक्षा मोठा हवा आणि ती दोन इंच तरी कोनावर उतरलेली हवी. छत्री आणि पाइप यांच्यामध्ये लाल सिलिकॉन लावा. छत्री आणि कोन यांच्यामध्ये काहीच लावायचं नाही. पाइप वर गेला की छत्रीही वर जाते, कोन जागेवर राहतो आणि पाणी बाहेरच पडतं.

वाऱ्यासाठी शेडच्या अँगलला एक सैल लोखंडी कडं लावा, पाइप त्यातून जाऊ द्या. कडं पाइपला कलंडू देत नाही, पण वर-खाली सरकू देतं. भट्टीवर शेडच नसेल तर हीच छत्री बुडाच्या सॉकेटवर उतरती बसवा.

पाइपचं टोक छतापासून तीन फूट वर आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्यापेक्षा दोन फूट वर ठेवा. टोकाला टोपी. आणि लाकडी वासा, ताडपत्री, कडबा, जळणाचा ढीग यापैकी काहीही उघड्या पाइपपासून दीड फुटाच्या आत नको. कडब्याची गंज तर आणखी कितीतरी लांब.

हे काम नक्की कुणाचं?

आता धंद्याच्या बाजूने बघू. भट्टी गवंडी बांधतो, पाइप वेल्डर करतो, शेड पत्रेवाला घालतो. तिघंही आपापलं काम चोख करतात. पण फट असते ती दोघांच्या कामाच्या मध्ये. गळायला लागलं की गवंडी म्हणतो वेल्डरचं काम, वेल्डर म्हणतो पत्रेवाल्याचं. मॅनेजमेंटच्या पुस्तकात जबाबदारी निश्चित करा असं लिहिलेलं असतं, ते हेच.

म्हणून कोटेशन घेतानाच "प्लेट, सॉकेट, दोरी भरणे, कोन, छत्री" अशी वेगळी ओळ लिहून घ्या आणि ती तिघांपैकी एकाच्या नावावर टाका. माझ्या मते वेल्डर योग्य, कारण पाचातल्या चार वस्तू तोच करतो. त्याच्या बिलातली शेवटची दहा टक्के रक्कम पहिला मोठा पाऊस झाल्यावर द्यायची, हे आधीच ठरवा. आधी ठरवलं तर कुणाला राग येत नाही. काम झाल्यावर पैसे अडवले तर भांडण होतं.

तपासायचं कसं, कधी?

नवी भट्टी असेल तर आधी आठवडाभर नुसती वाळू द्या. मग पाच-सात दिवस रोज छोटा जाळ, दररोज थोडा वाढवत. पहिल्याच दिवशी जोरात पेटवली तर कितीही चांगला सांधा असो, भट्टीच तडकेल.

भट्टी तापल्यावर पेटती उदबत्ती सांध्याभोवती फिरवा. जिथं धूर आत ओढला जातो किंवा बाहेर ढकलला जातो, तिथं दोरी कमी पडली आहे. थंड भट्टीत रात्री आतून टॉर्च लावा आणि बाहेरून उजेड दिसतो का बघा. पत्र्याच्या सांध्यावर तांब्याने चहूबाजूंनी पाणी ओता आणि खाली थेंब येतो का बघा. तिन्ही चाचण्यांना मिळून अर्धा तास लागतो.

हे सगळं रोहिणी नक्षत्रात उरका, मृगाची वाट बघू नका. परतीचा पाऊस गेला की पुन्हा एकदा बघा. वर्षातून एकदा दोरी चाचपा. दगडासारखी कडक झाली असेल तर बदला. पाइपमधली काजळी नियमित काढा. सुधारित चुलींच्या त्या सरकारी कार्यक्रमातल्या कितीतरी चुली पुढे बंद पडल्या, आणि चिमणी साफ न होणं, दुरुस्ती न होणं हे त्याचं एक मोठं कारण होतं. चूल चांगली होती, पण ती बघणारं कुणी नव्हतं.

एक गोष्ट पैशाच्या पलीकडची

पाऊस आला, चिमणी गळतेय, म्हणून शेडला चारी बाजूंनी ताडपत्री बांधून आत भट्टी चालवतात. कृपा करून असं करू नका. अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. भट्टीवर पहाटे तीनला उठून काम करणारा तुमचा कामगार थकलेलाच असतो, त्याला वाटतं झोपच येतेय. म्हणून वाऱ्याच्या दिशेची एक बाजू झाका, पण समोरासमोरच्या दोन बाजू उघड्या ठेवा. कुणाचं डोकं दुखायला लागलं तर त्याला आधी मोकळ्या हवेत न्या आणि लगेच दवाखाना गाठा.

धंदा सुरू करताना आपण भट्टीचं माप, ओव्हनची किंमत, पहिल्या महिन्याची विक्री, सगळं लिहून काढतो. त्या यादीत चार मीटर दोरी, एक प्लेट, एक कोन आणि एक छत्री एवढ्या चार ओळी आणखी लिहा. भाव तुमच्या बाजारात विचारून समोर मांडा, आणि मग तो आकडा पावसाळ्यातल्या एका बुडालेल्या आठवड्याच्या शेजारी ठेवून बघा. कुठं खर्च करायचा ते तुमचं तुम्हालाच कळेल.

पुढच्या व्हिडिओत भट्टीच्या जळणाचा रोजचा हिशेब वहीत कसा ठेवायचा ते बघू. तोपर्यंत आपल्या भट्टीवर एक उदबत्ती फिरवून बघाच.